भाजीच्या कप्प्यातली पाहुणी

"पोट देऊन निसर्गानं प्राणिमात्राचं वाटोळं केलं. जगातली सगळी भांडणं, सगळ्या नोकऱ्या आणि सगळे नातेवाईक केवळ पोटामुळे आहेत. ज्याला पोट नाही, तोच खरा स्वतंत्र."

आमच्या साडूंनी हे उद्गार आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, चमचा हवेत स्थिर धरून काढले. इतकं मोठं वाक्य आमच्या घरात बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. माझा घास तोंडात तसाच राहिला. बायको पाणी ओतता ओतता थांबली. मग साडूंनी चमचा खाली आणला, मधल्या भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तो शेवटचा बटाटा कुणी घेत नसेल तर इकडे सरकवा."

स्वातंत्र्याचा विषय तिथेच संपला.

वाक्य अर्थात स्वतःबद्दल नव्हतं. ते आमच्या फ्रीजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात राहणाऱ्या पाहुणीबद्दल होतं. कोबी, गाजरं आणि एक कायम सुकत चाललेलं आलं यांच्या शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. झाकणाला भोकं पाडलेली, आत ओलसर शेवाळ आणि शेवाळावर एक तपकिरी, खारकेएवढा कोष. घरी येणाऱ्या प्रत्येकाला बायको आधी पाणी द्यायची आणि मग बजावायची, "फ्रीज उघडलात तर बिस्किटं समजून तो डबा काढू नका." त्यानंतर आमच्याकडे कुणी बिस्किटंही खात नसे.

आमची वस्ती संपते तिथे एक मोकळं मैदान लागतं आणि मैदानापलीकडे रान सुरू होतं. त्या रानातला हा पतंग. मादी तळहातात मावेल न मावेल एवढी, राखी रंगाची. चार पंखांवर चार डोळे, तेही असे रोखलेले, की आपण काहीतरी गुन्हा केला आहे असं वाटावं. सुरवंट असते तेव्हा तिला एकच उद्योग, खाणं. अंगावरची कातडी पुरेना की ती टाकायची, मोठ्या मापाची घालायची आणि पुन्हा पानाला बसायचं. मग कोष विणून सबंध हिवाळा झोपायचं. आणि पंख घेऊन बाहेर आली की पाहावं तर तोंडच नाही. खाणं बंद, पिणं बंद. सुरवंटपणी जे अंगी लावून घेतलं, त्याच्यावर उरलेले थोडे दिवस काढायचे. निवृत्त माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ही माहिती साडूंची नव्हे, त्यांच्या बायकोची. म्हणजे माझ्या मेव्हणीची. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. साडू आयुष्यभर बस डेपोत वेळापत्रकं आखत होते. कोणती बस कुठे कधी पोचणार हे टेबलाशी बसून ठरवायचं आणि ती पोचली नाही की बसवर रागवायचं, असा तो धंदा.

मेव्हणीनं एकदा वर्गाची सहल त्या रानात नेली होती. मुलांनी एक लठ्ठ हिरवा सुरवंट पकडला, खोक्यात घातला आणि मुलांच्या रीतीप्रमाणे विसरून गेली. मेव्हणी तो घरी घेऊन आली. त्यानं बुटांच्या खोक्यात कोष विणला, वसंतात त्यातून मादी निघाली, मेव्हणीनं तिला जाळीच्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर ठेवलं आणि दुपारी रानातून नर आले. मादी जागची हलतसुद्धा नाही. नुसती बसून राहते, तिच्या अंगाचा वास वाऱ्यावर जातो आणि नर तो हुंगत मैदान ओलांडून येतात. "आमच्या लग्नात उलटं होतं," साडू सांगायचे. "मी रोज हिच्या शाळेवरून जायचो, आणि हिला गंधही नव्हता."

तेव्हापासून ते घराणं त्यांच्या घरात नांदलं. दरवर्षी अंडी, दरवर्षी सुरवंट. बहुतेक रानात सोडायचे, थोडे ठेवायचे. मुलगी एकच, पण पानं खाणारी तोंडं शे-दीडशे. माझी भाची शाळेत गेली की दप्तरातून पाला निघायचा.

मग मेव्हणी आजारी पडली. तो उन्हाळा साडूंनी दवाखाना आणि घर यांच्या मधल्या बसमध्ये काढला. सुरवंटांना ताजा पाला लागतो. साडू जमेल तेव्हा आणायचे आणि जमायचं नाही तेव्हा शिळा घालायचे. सुरवंट गेले. एकानं तेवढा कोष विणला, आणि तो विणून होतो न होतो तोच मेव्हणीही गेली.

पुढच्या वसंतात त्या कोषातून काहीही निघालं नाही. सगळे म्हणाले, संपलं. साडू म्हणाले, "ही सांगायची, काही काही दोन हिवाळे झोपतात." पतंगाला झोपायला खरी थंडी लागते, उबेत ठेवला तर तो अवेळी जागा होतो, आणि तेव्हा बाहेर त्याच्यासाठी कुणी नसतं. दुसऱ्या हिवाळ्यात साडूंचा फ्रीज बिघडला आणि कोष आमच्याकडे आला. आता घर सोडायची वेळ आली, तेव्हा साडूही आले. दोन बॅगा, एक स्टूल आणि जाळीचा पिंजरा घेऊन.

घर सोडायचं कारण भाची. ती दुसऱ्या शहरात एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढते. बाप एकटा राहतो याचा तिनं दीड वर्ष फोनवरून घोर केला आणि शेवटी थकून हुकूम काढला: बाबा, शनिवारी गाडी घेऊन येते, तुम्ही माझ्याकडे राहायचं. अट एकच. "किडे नकोत. मी दिवसभर लोकांची हाडं बघते. घरी गेल्यावर मला पाय असलेलं काहीही दिसायला नको."

"बरं," साडू म्हणाले. आणि फोन ठेवून मला म्हणाले, "एवढी एक निघू दे. तिला नर मिळू दे, अंडी घालू दे. ती रानात नेऊन ठेवतो आणि जातो."

"अहो, असले पतंग त्या रानात शेकड्यांनी असतील की," मी म्हणालो.

"असतील. ते हिचे नाहीत."

मी चहा मागितला.

डबा फ्रीजमधून बाहेर आला. कोष पिंजऱ्यात, पिंजरा स्टुलावर, स्टूल बाहेरच्या खोलीत दाराजवळ, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे. समोर खुर्ची टाकून साडू बसले ते बसलेच. डोळ्यांत तेल घालून पहारा करणं म्हणजे काय, ते मी पाहिलं. तेल पुरत नव्हतं एवढंच. पहाटे उठून बसायचे आणि नाश्ता झाला की मान छातीवर यायची. बायको त्यांच्या मांडीवर शाल टाकायची, मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायची. बहीण गेल्यापासून हिच्या हातातली भांडी जास्त आवाज करतात. मी पेपर वाचायचो, तोच पेपर दोनदा. एकूण घरात तीन माणसं होती आणि तिघांनाही कुणीतरी आत जाऊन थोडं पडा म्हणावं असं वाटत होतं. पण मग पडायचं कुणी आणि म्हणायचं कुणी हे ठरत नव्हतं.

"यांना वेळेचं काही म्हणजे काही नाही," साडू मधूनच जागे होऊन म्हणायचे. "एवढा मोठा निसर्ग, पण एक साधा तक्ता लावलेला नाही कुठे."

शुक्रवारी सकाळी त्यांची मान छातीवर होती, तेव्हा ती निघाली.

मी पेपरातून डोकं वर काढलं तर कोषाच्या तोंडाशी ओल दिसली. त्या कोषाचं तोंडही मजेशीर असतं, आतून बाहेर यायला दार उघडं, बाहेरून आत जायला बंद. आमच्या जुन्या ऑफिसच्या अगदी उलट. कोष रिकामा. पिंजऱ्याची चेन बोटभर उघडी, कारण साडू दर घटकेला आत बोट घालून शेवाळ ओलं आहे का पाहायचे. पिंजऱ्यात कुणी नाही.

"साडूभाऊ," मी हळूच म्हणालो.

साडू जागे झाले, त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पुन्हा बघायचं नाही. "कुणी हलू नका," ते म्हणाले. "ताई, पाय खाली टेकू नका."

बायको स्वयंपाकघराच्या दारात एक पाय वर उचलून उभी राहिली. "भाऊजी, मी साठी ओलांडलेली बाई आहे. किती वेळ?"

"तिचे पंख अजून ओले असतील. उडता येत नाही. चालत कुठेतरी वर चढली असेल. तिला लटकायला जागा लागते, नाहीतर पंख चुरगळलेलेच राहतात."

आम्ही खुर्च्यांखाली पाहिलं, पडद्यांवर पाहिलं, गुडघ्यांवर रांगलो. रांगताना सोपं जातं; उठताना दोघांनाही टेबलाचा पाय धरावा लागला. आणि त्या उठण्यामुळेच ती दिसली. माझ्या कोटावर.

हा कोट माझ्या निरोप समारंभासाठी शिवला होता. त्या दिवशी घातला, नंतर कपाटात. समोरच्या बिल्डिंगमधल्या लग्नाला रविवारी जायचं म्हणून बायकोनं गुरुवारी उन्हाला काढून दाराजवळच्या खुंटीवर टांगला होता. त्याच्या कॉलरला धरून ती उलटी लटकली होती. पंख एव्हाना पुरते ताणलेले, चारही डोळे उघडे. पोट टम्म फुगलेलं. कोटाला पाठीवर खालपर्यंत तांबूस डाग.

"कोषातून निघालं की हे टाकतात," साडू म्हणाले. "वर्षा-दोन वर्षांचं साठलेलं असतं."

"ते ठीक आहे," बायको म्हणाली, "पण रविवारी हे काय घालणार?"

दिवसभर ती त्या कोटावरच बसली. साडूंनी तिला हलवू दिलं नाही. संध्याकाळी बोटावर घेऊन अलगद पिंजऱ्यात ठेवलं, पिंजरा खिडकीत टांगला, चेन लावली आणि मला ओढून दाखवायला लावली. बायकोनं संधी साधून कोट गल्लीतल्या लॉन्ड्रीत पाठवला.

शनिवारी दुपारी साडू खिडकीशी बसले. कपडे इस्त्रीचे, केस विंचरलेले. वरपक्षाची वाट पाहणाऱ्या बापासारखे.

"येतात दुपारी," ते म्हणाले. "दरवर्षी येतात. कधी चुकले नाहीत."

ऊन पुढे सरकलं. कुणी आलं नाही. एक माशी आली, तिला साडूंनी फार आशेनं पाहिलं. मादी आपल्या जागी बसून राहिली. थकवा तिला नव्हता असं नाही, पण तो दाखवायला तिच्याकडे वेळ नव्हता. साडूंनी मला समजावून सांगितलं ते असं: हिला खायचं नाही, त्यामुळे अंगातलं तेल संपत चाललेलं. आज-उद्या नर मिळाला तर ठीक. नाहीतर अंडी ती घालणारच, अंगात ठेवता येत नाहीत. फक्त ती पोकळ. वाळून जातात.

"मग?"

"मग काही नाही. मग संपलं."

भाची आली ती तेव्हा. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं; रात्रपाळी संपवून सरळ गाडीत बसली होती.

"बाबा, सामान?"

"दोन बॅगा. जरा थांबावं लागेल."

"किती?"

"ते हिच्या हातात आहे," साडू पिंजऱ्याकडे बघून म्हणाले.

भाचीनं पिंजऱ्याकडे पाहिलं. तिच्या मावशीनं पाणी आणलं, ते प्यायली, म्हणाली, "मी पाच मिनिटं डोळे मिटते," आणि सोफ्यावर बुटांसकट झोपली. पाच मिनिटांचा पुष्कळ विस्तार झाला.

बेल वाजली. दारात लॉन्ड्रीवाला उभा, धापा टाकत. आमच्या गल्लीच्या शेवटच्या टोकाला त्याचं दुकान आहे. त्याच्या कपाळावर त्यानं आयुष्यात जेवढ्या घड्या मोडल्या असतील त्या सगळ्या जमा झाल्या होत्या.

"काका, कोटाच्या खिशात काय ठेवलंय?"

"काही नाही. असला तर रुमाल असेल."

"रुमालावर पाखरं येत नाहीत. दुपारपासून डोक्याला ताप झालाय. मागच्या पंख्याच्या जाळीवर धडका मारतात, दोन तर आत घुसली. आधी मला वाटलं वटवाघळाची पिल्लं. बारकी, तपकिरी, आणि मिशा ह्या एवढ्या, झाडूसारख्या. चादरी सोडून, शर्ट सोडून सगळी जाऊन तुमच्या कोटावर बसतायत. गिऱ्हाइकं परत चाललीत."

साडू उभे राहिले. त्यांना इतक्या झटकन उभं राहिलेलं मी त्यांच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

"मागचे पंख नारिंगी?"

"हो, नारिंगी."

"कोट धुतलात?" हे आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"मला दम तर खाऊ द्या. नाही धुतला. काळे कोट सोमवारी."

साडू मटकन पुन्हा बसले. "काल दिवसभर ती कोटावर होती," ते म्हणाले. "वास त्याला लागलाय."

"पण मग जिवंत मादी इथे बसलीय, तिच्याकडे का नाही आले?" बायकोनं विचारलं.

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. साडूंच्या गच्चीवरून मैदान ओलांडून थेट रान दिसायचं. आमच्या खिडकीतून समोरच्यांचे टॉवेल दिसतात. दोन बिल्डिंगांच्या मधल्या त्या बोळात वारा शिरत नाही, आमच्या घरचा फोडणीचा वाससुद्धा बाहेर जात नाही; तो आम्हा दोघांनाच खावा लागतो. तिथे आम्ही तिला बसवली होती. लॉन्ड्रीचा मागचा पंखा मात्र सरळ मैदानावर तोंड करून, दिवसभर माझ्या कोटाचा वास रानाकडे ढकलत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा आम्ही धुवायला टाकला होता.

"मी वेळ पाहिली," साडू म्हणाले. "रस्ता पाहिला नाही." डेपोतल्या माणसाला हे फार लागलं असावं.

भाची सोफ्यावर उठून बसली होती. किती ऐकलं कोण जाणे. "आणा इकडे," ती म्हणाली. तिनं पिंजरा दोन्ही हातांत घेतला आणि मादीकडे बघत सवयीनं म्हणाली, "हलू नका."

वरात निघाली. पुढे लॉन्ड्रीवाला, मागे पिंजरा घेतलेली भाची, तिच्यावर छत्री धरलेली बायको, मग साडू, आणि सर्वांच्या शेवटी कोटाचा मालक. गल्लीतल्या लोकांनी विचारलं काय आहे. बायको म्हणाली, "पाहुण्यांना पोचवतोय."

दुकानात वाफेचा आणि साबणाचा वास. कोट मागच्या दांडीवर टांगलेला. आणि त्याच्यावर चार-पाच नर. मिशा पिसासारख्या पसरून ते माझ्या कॉलरशी जे करत होते, ते मी लिहीत नाही. उभ्या आयुष्यात त्या कोटात शिरून मी कुणावर एवढी छाप पाडली नव्हती. आम्ही पिंजरा शेजारी टांगला तरी एकही ढुंकून पाहीना. खरी मादी वीतभर अंतरावर बसलेली, आणि हे पठ्ठे टेरीकॉटवर फिदा.

"पुरुष," बायको म्हणाली. बाकी काही नाही.

लॉन्ड्रीवाल्यानं पंखा बंद केला. साडूंनी पिंजऱ्याची चेन उघडली, मादीला बोटावर घेतलं आणि कॉलरवर ठेवलं. क्षणभर गोंधळ उडाला. एकाला आधी समजलं.

"पाठ फिरवा सगळ्यांनी," बायको म्हणाली.

आम्ही पाठ फिरवली आणि घड्या घातलेल्या शर्टांकडे पाहत उभे राहिलो. लॉन्ड्रीवाल्यानंही पाठ फिरवली. स्वतःच्याच दुकानात त्याला ते करावं लागलं. थोड्या वेळानं त्यानं कुजबुजत विचारलं, "काका, हे किती वेळ चालतं?"

साडू शर्टांकडे बघतच म्हणाले, "आमची ही सांगायची, चहा करून गार होईपर्यंत."

"मग चहाच सांगतो," लॉन्ड्रीवाला म्हणाला, आणि त्यानं खरोखर सांगितला. आम्ही धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यांवर बसून तो प्यायलो. भाचीला तिसऱ्या घोटाला डुलकी लागली. साडूंचा कप हातात तसाच राहिला. चहा गार झाला तेव्हा नर उडून गेला होता.

आता मादीला फांदीवर ठेवायचं, ती तिथे अंडी घालणार, असं साडूंनी ठरवलं होतं. मादीनं तसं ठरवलं नव्हतं. ऊन उतरलं तशी ती कॉलरवरच सरकली आणि एकेक अंडं ओळीनं चिकटवत गेली, मग खालच्या बाजूला, मग छातीच्या खिशावर. तिला उचलायची कुणाची छाती झाली नाही. तिचं टम्म पोट आमच्या डोळ्यांदेखत बसत गेलं, आणि शेवटी ती एवढी हलकी झाली की पंखांना ती आहे हे समजत नसावं.

लॉन्ड्रीवाल्यानं चष्मा लावून पाहिलं. "हा डाग निघायचा नाही," त्यानं धंद्याच्या सचोटीनं सांगितलं.

अंडी सुटत नाहीत. सोडवायला गेलं तर फुटतात. आम्ही सगळे कोटाकडे पाहत राहिलो आणि मग, मला न आवडणाऱ्या रीतीनं, माझ्याकडे.

"अहो, कापू द्या," बायको म्हणाली. "नाहीतरी पोटावर त्याचं बटण लागत नव्हतं."

साडू म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा एवढा एकच चांगला कोट."

"माझे समारंभ संपले," मी म्हणालो. "रविवारच्या लग्नाला स्वेटर घालीन. नवऱ्यामुलाकडे बघायला येतात लोक." लॉन्ड्रीवाल्याची कात्री मोठी होती. पहिला काप साडूंना मारवेना, म्हणून मीच मारला.

भाची त्या दिवशी गेली नाही. तिनं फोन करून रविवारची पाळी कुणाच्या तरी गळ्यात घातली.

सकाळी आम्ही मैदान ओलांडून रानात गेलो. साडूंनी रानासाठी म्हणून बूट घातले होते. कोटाच्या पट्ट्या आणि कॉलर मी खिशात घेतलेली, अंडी वर येतील अशा बेतानं. ज्या झाडाचा पाला मेव्हणी न्यायची, ते झाड रानाच्या तोंडाशीच आहे. तिला फार आत जायला वेळ नसायचा. कोवळी पानं नुकती फुटत होती. सुरवंट बाहेर येतील तेव्हा त्यांना दूर जावं लागणार नव्हतं.

भाचीनं हात उंचावून एकेक पट्टी दोऱ्यानं फांदीला बांधली. गाठी घट्ट, नेटक्या. माझ्या निरोप समारंभाचा कोट वाऱ्यावर थोडाथोडा हलत होता. मादीला साडूंनी खोडावर ठेवलं. तिच्या पंखांच्या कडा झिजल्या होत्या, एका डोळ्याचा रंग उडाला होता. ती उडाली नाही. तिचं काम झालं होतं आणि उडून जाण्यासारखी तिला कुठली घाई नव्हती.

छातीचा खिसा भाचीनं बांधला नाही. चष्म्याच्या डब्यात घातला आणि डबा पर्समध्ये टाकला.

साडूंनी पाहिलं. "किडे नको होते ना?"

"ही अंडी आहेत, बाबा. अंड्यांना पाय नसतात."

"फुटतील थोड्या दिवसांत."

"आमच्या पार्किंगमध्ये हे झाड आहे." ती पर्सची चेन लावत होती, वर बघत नव्हती. "पाला तुम्ही आणायचा. मला वेळ नसतो. आणि माझ्या फ्रीजचा खालचा कप्पा तसाही रिकामा असतो."

"आमचाही झाला आता," बायको म्हणाली. आणि पदराला नव्हे, छत्रीलाच नाक पुसल्यासारखं काहीतरी केलं.

साडू झाडापाशी गेले, खोडावर तळहात टेकला आणि मादीच्या शेजारी तसेच उभे राहिले. बराच वेळ. आम्ही तिघं मागे थांबलो. इतकी वर्षं या माणसाची मोठमोठी वाक्यं ऐकली. आज त्यातलं सगळ्यात मोठं येणार हे आम्हाला कळून चुकलं होतं. भाचीनं रुमाल काढून मुठीत धरला. बायकोनं आधीच तोंड फिरवलं. मीही, माझ्या परीनं, तयार झालो.

साडूंनी घसा खाकरला. मागे वळले. डोळे ओले होते.

"साडूभाऊ."

"बोला."

"एवढी बुटाची नाडी बांधता का? मला वाकवत नाही."